ताण्याबाण्यातलं गुपित

सोलापूरच्या पूर्व भागात शिरलं की यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू येत नाही. जेकार्डवर चादर विणताना पुठ्ठ्यातली भोकं ठरवतात, कुठला उभा धागा वर उचलायचा. सूत तेच, पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते. मजकूर लपवण्याची एक फार जुनी युक्ती याच जातीची आहे. तिच्यात अक्षरं तीच राहतात, फक्त जागा बदलतात. हिला स्थानांतर म्हणतात. ग्राफ न्यूरल नेटवर्क या शिकणाऱ्या संगणकी जाळ्याचा तिथे काही उपयोग होईल का, ते पाहू.

समजा, निरोप आहे ‘सकाळी माल नवी पेठेत आण’. तो चार-चार अक्षरांच्या तीन ओळींत लिहू:

स का ळी मा
ल न वी पे
ठे त आ ण

आता उभे स्तंभ ३, १, ४, २ या क्रमाने वाचायचे. हाती येतं ‘ळीवीआ सलठे मापेण कानत’. तो क्रम म्हणजे किल्ली.

पण चार स्तंभांचे क्रम फक्त २४. दहा स्तंभांचे ३६,२८,८०० होतात, आणि संगणकाला तेही किरकोळच. शिवाय अक्षरं जशीच्या तशी राहतात, ही खरी दुखरी जागा. १९१८ मध्ये जर्मन सैन्याने अक्षरांऐवजी दुसरी चिन्हं घालण्याला स्थानांतराची जोड दिली होती, तरी फ्रान्सचे संकेतभेदक जॉर्ज पेनव्हँ यांनी त्यातले संदेश फोडले.

१९४९ मध्ये अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी दोन्ही गोष्टींची गरज नीट मांडली: चिन्हं बदलून किल्ली आणि गुप्त मजकूर यांतला संबंध झाकायचा, आणि जागा हलवून एका ठिकाणचा परिणाम सगळीकडे पसरवायचा. आज जगभर वापरात असलेली एईएस ही संगणकावरचा मजकूर गुप्त करण्याची पद्धत हेच करते. सोळा बाइट चार बाय चारच्या चौकटीत मांडून ती चिन्हं बदलते, ओळी सरकवते, स्तंभ मिसळते, किल्ली मिसळते. १२८ बिटांच्या किल्लीला अशा दहा फेऱ्या, फक्त शेवटच्या फेरीत स्तंभ मिसळत नाहीत. एका बाइटमधला बदल दोनच फेऱ्यांत सोळाही घरांत पोहोचतो. मला ही रचना फार देखणी वाटते.

मग ग्राफ न्यूरल नेटवर्कचं काय काम? हे जाळं बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांवर चालतं. प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांकडून माहिती गोळा करतो आणि स्वतःची नोंद सुधारतो. किल्लीवरून स्थानांतराचा क्रम त्याच्याकडून काढून घेता येईल, पण अडचण मोठी आहे. त्याचं गणित दशांश अपूर्णांकांचं. दोन यंत्रांवर शेवटच्या अंकात फरक पडला आणि त्याने क्रम बदलला, तर घेणाऱ्याच्या हाती कचराच येणार. आणि क्रम गुंतागुंतीचा दिसतो म्हणून तो सुरक्षित ठरत नाही.

माझ्या मते या जाळ्याला कुलूप करण्यापेक्षा कुलूप फोडायला बसवावं. वरच्या निरोपातला प्रत्येक स्तंभ एक बिंदू माना. ‘सलठे’च्या शेजारी ‘कानत’ ठेवलं की ‘सका’, ‘लन’, ‘ठेत’ अशा जोड्या मिळतात. त्या मराठीत कितपत शोभतात, ते रेषेचं वजन. सगळ्या बिंदूंवरून एकदाच जाणारी सर्वांत शोभणारी वाट सापडली, की मूळ क्रम हाती आला. जाळ्याला अशा वाटा ओळखायला शिकवायचं आणि नवी पद्धत वापरात आणण्याआधी तिच्यावर सोडायचं.