स्टार्टर धरत नाही की ट्रिप होतो? मोटर बंद पडण्याची दोन कारणं

लाईट आली, हिरवं बटण दाबलं, मोटर फिरली आणि थोड्या वेळात थांबली. विहिरीच्या काठावरून पाहिलं तर हा एकच दोष वाटतो, म्हणून मराठवाड्यात अनेक शेतांवर उपायही एकच होतो: ओव्हरलोड रिलेची चकती (किती अँपिअरला तो तोडेल ते ठरवणारी) थोडी पुढे सरकवायची. पण इथे दोन वेगळे दोष आहेत. एकात स्टार्टरची कॉइल चुंबक धरून ठेवू शकत नाही. दुसऱ्यात कॉइल ठणठणीत असते. मोटर जादा करंट ओढते म्हणून ओव्हरलोड रिले कॉइलची लाईन तोडतो. पहिल्यात चकती फिरवून काही फरक पडत नाही. दुसऱ्यात फिरवली तर मोटर जळते.

साध्या थ्री फेज डीओएल (मोटरला थेट पूर्ण लाईन देणाऱ्या) स्टार्टरमध्ये कॉइल दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. तिच्या वाटेत लाल बटण, हिरवं बटण आणि ओव्हरलोडचा एरवी जुळलेला कॉन्टॅक्ट (९५-९६) एकामागून एक येतात. हिरव्या बटणाला समांतर एक छोटा कॉन्टॅक्ट (१३-१४) असतो. चुंबक ओढला गेला की तो जुळतो, त्यामुळे बोट काढल्यावरही कॉइल चालू राहते. याला होल्डिंग म्हणतात. ही साखळी डोक्यात पक्की असली की निदान सोपं होतं.

सगळ्यात उपयोगी चाचणीला कोणतंही हत्यार लागत नाही. मोटर थांबली की लाल बटणाला हात लावू नका. बऱ्याच स्टार्टरमध्ये लाल बटणच रिसेटचं काम करतं, आणि सवयीने ते दाबलं की पुरावाच पुसला जातो. आधी मीटरने तिन्ही फेज पाहा, मग हिरवं बटण सेकंदभर दाबा. चुंबक ओढला गेला तर ओव्हरलोड पडलेला (ट्रिप झालेला) नव्हता. दोष कॉइलच्या बाजूला शोधा. काहीच हललं नाही, पण रिसेट दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येऊन नंतर हिरवं बटण चाललं, तर ओव्हरलोडच पडला होता. रिले ऑटो रिसेटवर असेल तर ही चाचणी फसवते, म्हणून तो आधी हँडवर (हाताने रिसेट) घ्या.

वेळही बरंच सांगते. बोट काढताच मोटर थांबत असेल तर होल्डिंग कॉन्टॅक्ट किंवा त्याची वायर बघा. रिलेतली द्विधातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो, त्यामुळे इतक्या पटकन तो पडत नाही. मोटर जाम असेल तर रिले काही सेकंदांत पडतो, करंट थोडाच जास्त असेल तर काही मिनिटांनी. मोटर कधी दोन तास चालते, कधी दहा मिनिटांत जाते, असं असेल तर आधी व्होल्टेजवर संशय घ्या.

कॉइलच्या बाजूची दुरुस्ती बहुधा स्वस्तातली असते. पेटी उघडण्याआधी मेन स्विच पाडा, किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवा आणि लाईन मेली आहे याची मीटरने खात्री करा. होल्डिंग कॉन्टॅक्टमध्ये काळ्या मातीची धूळ आणि मुंग्या हमखास सापडतात. कॉन्टॅक्ट कोरड्या फडक्याने पुसा, स्क्रू आवळा. चांदीचा थर गेला असेल तर कॉन्टॅक्ट बदला, कानशीने घासू नका. चुंबकाच्या तोंडावर तेल-ग्रीस कधीच लावू नका. त्याला धूळ चिकटते आणि एक दिवस लाल बटण दाबूनही चुंबक सुटत नाही. स्टार्टर घरघर करत असेल तर चुंबकाची तोंडं स्वच्छ करा आणि त्यात बसवलेली तांब्या-पितळेची कडी तुटली आहे का पाहा. कडी तुटली की चुंबक थरथरतो, कॉन्टॅक्ट जळतात आणि कॉइल तापते.

कॉइल तिच्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर ओढली जावी असा नियम आहे, म्हणजे ४१५ च्या कॉइलला सुमारे ३५३ व्होल्ट. मोटर बंद असताना मीटर ४०० दाखवेल, पण सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते आणि लांब, बारीक केबलवर व्होल्टेज धाडकन पडतं. म्हणून वाचन बटण दाबतानाचं घ्या.

ओव्हरलोडच्या बाजूला निर्णय क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या) होतो. मोटर चालू ठेवून तिन्ही वायरींचा करंट एकेक करून पाहा आणि नेमप्लेटशी ताडून बघा. ५ एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेला) साधारण साडेसात अँपिअर घेतो, पाणबुडी मोटर त्याहून जास्त; पण शब्द प्लेटचाच धरा. तिन्ही सारखे आणि जास्त असतील तर पंपात गाळ, खराब बेअरिंग, घट्ट ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग) किंवा कमी व्होल्टेज. पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब भरली की मोनोब्लॉक कमी उंचीवर जादा पाणी फेकतो आणि करंट वाढतो. तिथे डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून घेतला की ट्रिपिंग थांबतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की उलट होतं: पंप हवा ओढतो, करंट घटतो आणि रिले पडतच नाही. कोरड्या पंपाला ओव्हरलोड वाचवत नाही, त्यासाठी ड्राय रन प्रिव्हेंटरच हवा.

तिन्ही करंट प्लेटइतके असूनही रिले पडत असेल तर रिलेच्या टर्मिनलचे स्क्रू बघा. ढिल्या जोडाची उष्णता पट्टीपर्यंत पोचते आणि ती विनाकारण वाकते. चकती प्लेटवरच्या आकड्याला लावा, वर नाही. स्टार-डेल्टा (मोटर कमी करंटवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या वायरीत बसवला असेल तर तो आकडा ०.५८ पट धरतात. पडलेला रिले लगेच रिसेट होत नसेल तर थांबा. तेवढ्या वेळात वाइंडिंगही निवते.

सगळ्यात जास्त घोटाळा एक फेज गेल्यावर होतो, कारण तो दोष दोन्ही रूपं घेतो. कॉइल ज्या दोन फेजांवर आहे त्यातली एक गेली तर कॉइल सुटते आणि स्टार्टर ‘धरत नाही’. तिसरी गेली तर कॉइल धरूनच राहते, उरलेल्या दोन वायरींत करंट सुमारे पावणेदोन पट होतो आणि ओव्हरलोड पडतो. तो आधीच बायपास केलेला असेल तर मोटर थेट रिवाइंडिंगला जाते. निऑन टेस्टरवर इथे भरवसा ठेवू नका. डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) दुसऱ्या चालू मोटरींतून मेलेल्या फेजवर उलटा दाब येतो आणि टेस्टर पेटतो. मीटर फेज-फेज लावून तिन्ही जोड्या मोजा. दोन वाचनं पडलेली आणि एकच नीट असेल, तर त्या दोन्हींत येणारी फेज गेलेली आहे.

हिरव्या बटणात काडी अडकवणं आणि ९५-९६ वायरीने जोडणं हे एकच समजू नये. काडीने फक्त होल्डिंगला बगल मिळते, ओव्हरलोड शाबूत राहतो. पण लाईट येताच मोटर आपोआप सुरू होते, विहिरीत उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं, आणि डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज कोसळतं. ९५-९६ जोडलं की होल्डिंग नीट चालतं, पण मोटरचं संरक्षण संपतं. पेटी उघडलीच आहे तर आधीच्या कोणी अशी वायर टाकून ठेवली आहे का ते बघा, असेल तर काढा आणि मगच पुढची तपासणी करा.