पिन का तुटते? पुंगळीतून टोपी काढण्याची पार्श्वभूमी

मामांच्या व्हॉट्सॲपवर टेक्सासहून फोटो आला. तुटलेल्या दोन पिना, शेजारी मापाला ठेवलेलं एक नाणं. खाली ओळ: 'मामा, दोन महिन्यांतली ही पाचवी. चूक कुठे होतेय?' पाठवणारे म्हणजे आमचे दाजी, मामांचे जावई. तिकडे निशाणेबाजीचा छंद आहे आणि झाडलेली काडतुसं घरीच परत भरण्याला तिकडच्या कायद्याची आडकाठी नाही. मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या टूलरूममधून निवृत्त झाले, आता भुसावळला असतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "हे बघ भो, डावीकडची आधी वाकली, मग तुटली. उजवीकडची न वाकताच गेली. तुटलेलं तोंड बघ तिचं, रव्यासारखं दाणेदार. हिला पाणी जास्त दिलंय."

पिन काय करते ते आधी सांगतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उरते. तिच्या बुडाशी वाटीसारख्या खड्ड्यात वापरलेली टोपी, म्हणजे प्रायमर, घट्ट बसलेली असते. वाटी म्हटलं तरी ती मसुराच्या दाण्याएवढी. टोपी आणि दारूच्या मध्ये एक बारीक भोक असतं, त्याला फ्लॅश होल म्हणतात. टोपीवर घाव बसला की ज्योत त्याच भोकातून दारूपर्यंत जाते. पुंगळी परत भरायची तर पुंगळीच्या तोंडातून एक पिन आत घालायची, त्या भोकातून खाली दाबायची आणि टोपी बाहेर ढकलायची. भोक साधारण 2 मिलिमीटरचं. पिन त्याहून बारीक. सायकलची चेन तोडताना पंच जरा तिरका लागला की काय होतं ते ज्याने पाहिलंय, त्याला पुढचं निम्मं सांगायची गरज नाही.

गंमत अशी की आमच्या खान्देशात टोपी बसवणारी माणसं ढिगाने सापडतील, काढणारा एकही नाही. चीनशी 1962 साली झालेल्या युद्धानंतर दारूगोळ्याचे नवे कारखाने उभे राहिले, त्यांतला वरणगावचा 1964चा. सैन्याच्या रायफलींची काडतुसं तिथे होतात. पितळेची चकती दाबून कप, कप ताणून नळी, मधूनमधून भट्टीत नरम करणं, मग बूड ठोकून टोपीचा खड्डा, फ्लॅश होलचा पंच. आता तो कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. 1 ऑक्टोबर 2021ला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचा जुना बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतली ही एक. पण झाडलेली पुंगळी इथे परत भरायला येत नाही. रेंजवर त्या मोजून जमा होतात. कॉलेजात असताना एनसीसीच्या फायरिंगला आम्ही गवतात ओणवे होऊन पुंगळ्या शोधायचो, एक कमी पडली की सगळा प्लाटून तिथेच उभा. त्या पॉइंट टू टूच्या पुंगळ्यांना मात्र वेगळी टोपीच नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो. त्यामुळे पिनेचा प्रश्नच येत नाही, आणि ती पुंगळी एकदा वापरली की भंगार.

टोपी पुंगळीत शिरण्याआधीचा काळ पाहिला तर पिनेची गरजच नव्हती. 1807 साली स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. त्यातून पुढे तांब्याची टोपी आली. ठासणीच्या बंदुकीत ती निपलवर, म्हणजे मागच्या बारीक पोकळ नळीवर, बोटाने बसवायची आणि बार झाल्यावर नखाने काढून टाकायची. 1857चं बंड ज्या चरबीच्या काडतुसांवरून पेटलं, ती एनफिल्डची काडतुसं कागदाचीच होती. टोपी वेगळी, पुंगळी नाहीच. 11 एप्रिल 1858ला सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली, तेव्हाही जगभर बहुतेक फौजा अशाच बंदुका वापरत होत्या.

मग 1866 साल उजाडलं, आणि माझ्या मते पिनेच्या नशिबाची कुंडली तिथेच मांडली गेली.

त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या हायरम बर्डनने आपल्या टोपीचं पेटंट घेतलं, ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या वूलिचमधल्या एडवर्ड बॉक्सरने आपलं. टोपी पेटायला दोन गोष्टी लागतात: बाहेरून घाव आणि आतून ऐरण. ती ऐरण ठेवायची कुठे, एवढाच दोघांतला फरक. बर्डनने ती पुंगळीच्या बुडातच काढली, खड्ड्याच्या मधोमध एक उंचवटा, आणि ज्योतीसाठी त्याच्या बाजूला बहुतेक दोन बारीक भोकं. बॉक्सरने ऐरण टोपीतच बसवली, त्यामुळे बुडात मधोमध एकच मोठं भोक ठेवता आलं. सरळ पिनेला सरळ वाट मिळाली ती बॉक्सरमुळे. बर्डनच्या पुंगळीत पिन घातली तर ती थेट ऐरणीवर आपटते. मऊ असेल तर वाकते, कडक असेल तर तिचं टोक उडतं.

यातला उलटा न्याय असा की इंग्रजाची बॉक्सर टोपी अमेरिकेत रुळली आणि अमेरिकनाची बर्डन टोपी युरोपात नि रशियात. कारखान्याला बर्डन स्वस्त, कारण टोपीत एक भाग कमी. परत भरणाऱ्याला बॉक्सर सोयीची. अमेरिकेत घरी परत भरणारे होते, म्हणून तिथे बॉक्सर टिकली. रशियन पुंगळी हातात आली की ती बर्डनची असण्याचीच शक्यता जास्त. ती परत भरायची म्हणणारे काही हौशी पुंगळीत पाणी भरून घट्ट दांडा ठोकतात आणि पाण्याच्या दाबाने टोपी उडवतात. दाजींनी एकदा करून पाहिलं. स्वयंपाकघराच्या छतावर डाग पडला, पुढचं ताईकडून ऐकलं.

अवजारांची गोष्टही इथूनच सुरू होते. सुरुवातीला लाकडी किंवा लोखंडी ठोकळा, एक पंच, एक हातोडी. 1884 साली जॉन बार्लोने अमेरिकेतल्या न्यू हेवनला आयडियल कंपनी काढली. तिचं हातातलं अवजार थेट आपल्या अडकित्त्यासारखं. 1925मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली. 1943 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टनने सुरू केलेल्या आरसीबीएसची अवजारंही पुढे घरोघरी पोचली. तोवर बाकावर बसवायचा प्रेस आला होता आणि एक बदल झाला होता जो पिनेला महागात पडला: पुंगळी मापात आणणं आणि टोपी काढणं ही दोन कामं एकाच डायमध्ये, म्हणजे साच्यात. पिन आता पुंगळीच्या उंचीएवढ्या दांड्याच्या टोकाला लोंबते. दांडा केसभर हलला तरी खाली पिनेचं टोक भोकाच्या काठावर बसतं, आणि वरून हँडलचा सगळा जोर त्याच्यावर.

इथे मामांचं हिशेबाचं अंग जागं झालं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी लिहून दाखवलं. दांडा वाकण्याला जी ताकद विरोध करते ती व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते आणि लांबीच्या वर्गाने उतरते. व्यास पाऊणपट केला तर ताकद तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जाते. मोकळी लांबी निम्मी केली तर ताकद चौपट. "जाडी वाढवता येत नाही, भोक आडवं येतं. मग लांबी धर ना." मामांनी पिनेच्या चित्राचा वरचा निम्मा भाग पेन्सिलीने काळा केला, म्हणजे तेवढी पकडीत.

आणि जाडी तर उलट कमीच होत गेली. 1970च्या दशकात लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी अचूक नेमबाजीसाठी पीपीसी नावाचं काडतूस काढलं. त्याचा पाया .220 रशियन. फिनलंडहून येणाऱ्या त्या पुंगळ्यांचं भोक 2ऐवजी 1.5 मिलिमीटरचं. नेमबाजांना ते आवडलं, आणि नंतर आणखी काही काडतुसांच्या फिनिश पुंगळ्यांना तेवढंच भोक आलं. नेहमीची पिन तशीच घालून हँडल दाबलं की एक तर ती भोकात अडकून बसते, नाहीतर तुटते. दाजींच्या फोटोतली डावीकडची तीच. पुंगळ्या नव्या आणल्या, पिन जुनीच.

उजवीकडचीचं कारण वेगळं. सैन्याच्या पुंगळ्यांत टोपी नुसती दाबून बसवलेली नसते, तिच्याभोवतीचं पितळ ठोकून आत वळवलेलं असतं, म्हणजे मशीनगनमध्ये टोपी मागे सरकून यंत्र अडणार नाही. अशी टोपी काढायला जोर जास्त लागतो. त्यात पुंगळ्या ओल्याच पडून राहिल्या असतील तर टोपी खड्ड्याला धरून बसते, आणि पिन टोपी ढकलण्याऐवजी तिच्या बुडातून आरपार जाते. जुन्या क्लोरेटच्या टोप्या तर बार झाल्यावर मागे चक्क मीठ सोडायच्या, पोटॅशियम क्लोराइड. दमट हवेत ते ओल ओढतं. त्याहून जुन्या पाऱ्याच्या मसाल्याच्या टोप्यांनी पुंगळीच ठिसूळ व्हायची. काळ्या दारूत राख भरपूर, ती बराच पारा पोटात घ्यायची. धूर न करणारी दारू आल्यावर पारा सरळ पितळात शिरू लागला.

राहिला पाण्याचा प्रश्न, म्हणजे पोलादाला द्यायच्या पाण्याचा. पिन लालबुंद करून तेलात बुडवली की ती काचेसारखी कडक होते. मग परत हलकी तापवायची. साधारण 230 अंशाला वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, 300च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबलं तर कडक राहते, निळ्यावर थांबलं तर थोडी लवचिक. बाजारात मिळणाऱ्या पिनांत दोन्ही जातीच्या असतात. मामांचं मत साफ आहे: वाकलेली पिन दिसते आणि बदलता येते, तुटलेलीचं टोक भोकात राहतं आणि पुंगळीही वाया जाते. मला ते पटतं. पण बाकावर रोज हजार पुंगळ्या काढणारा कदाचित कडकच मागेल.

यावर अवजारवाल्यांनी काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. ली या कंपनीच्या डायमध्ये पिनेचा दांडा आट्यांत पिळलेला नसतो, नुसत्या कोलेटच्या पकडीत असतो. जोर हद्दीबाहेर गेला की दांडा वर सरकतो. हँडल हलकं लागलं की समजायचं, आत काहीतरी आडवं आहे: बर्डनची ऐरण, एखादा खडा, नाहीतर पुंगळ्या घासायला वापरलेल्या अक्रोडाच्या टरफलाचा तुकडा.

भुसावळात बसून हे करून पाहावं असं कोणाच्या मनात आलं तर एक माहीत असावं. 1959च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. म्हणून मामांनी उत्तर दिलं ते फक्त तोंडी.

व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "जावईबापू, आधी भोक मोजा, मग पिन घ्या. दांडा सैल सोडा, पुंगळी वर गेली की पिन आपोआप भोकात बसेल, तेव्हा नट आवळा. आणि पिन बाहेर दिसते ती टोपी पडेल एवढीच ठेवा."

दाजींनी विचारलं, "आणि परत तुटली तर?"

"तर तुकडा टाकू नका. तोंडाचा फोटो पाठवा, नाण्याशिवाय. नाणंच मोठं दिसतं."