आधी पान, मग पेटी

पतंगांच्या अळ्या पाळायची आमची जाळीची पेटी घरी पोचली की बरेचजण त्याच संध्याकाळी कुठूनतरी एक अळी धरून आणतात आणि हाताला लागेल ते पान तिच्यापुढे ठेवतात. दोन दिवसांनी आम्हाला फोन येतो, "अळी काहीच खात नाही हो, पेटीला कसला वास येतोय का?" पेटीला वास येत नाही. पान चुकलेलं असतं. पतंगाची मादी ठरावीक झाडं हेरून अंडी घालते. त्या अंड्यातून निघालेली अळी तेच पान खाते, फार तर त्या झाडाच्या भावकीतलं. काही जातींच्या अळ्या वाट्टेल ते खातात, पण बऱ्याचशा परक्या पानाला तोंड न लावता उपाशी मरतात. तेव्हा अळी ज्या झाडावर सापडली त्याचं नाव ठाऊक नसलं तरी बिघडत नाही, पण ते झाड पुढचे तीन-चार आठवडे हाताशी हवं. तशी सोय नसेल तर पेटी घडी घालून ठेवून द्या. आमचा माल खपला म्हणून आम्ही खूश होऊ, अळीचं मात्र त्यात काही भलं नाही.

पतंग बोलावताना

अमावस्येच्या आसपासची, उबदार, दमट आणि वारा नसलेली रात्र निवडा. ढग असतील तर उत्तमच. पांढरा पडदा ताणून बांधा, दिवा त्याच्यासमोर ठेवा आणि आसपासचे बाकीचे दिवे मालवा. आमचा दिवा अतिनील आहे, त्याच्याकडे थेट टक लावून बघू नका.

पतंग दिव्यावर झेपावतो तो प्रेमापोटी नव्हे, हे कवींना कळवायला हवं. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. उडणारे कीटक उजेडाकडे पाठ करून स्वतःचा तोल सांभाळतात, असं त्यात दिसलं. एरवी रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाश. मध्येच दिवा आला की 'वर' कुठे आहे याचा त्यांना पत्ता लागत नाही आणि ते तिथेच घिरट्या घालत राहतात. ही त्यांची फसगत आहे आणि त्यात ते दमतात. म्हणून दिवा दोन-तीन तासच लावा, रोज लावू नका, आणि पहाट होण्याच्या बऱ्याच आधी बंद करा. सकाळपर्यंत पडद्यावर बसून राहिलेले पतंग पक्ष्यांना आयतेच सापडतात.

दिव्याशिवायही पतंग येतात. खूप पिकलेली केळी साखर घालून कुस्करा, दिवसभर आंबू द्या आणि तिन्हीसांजेला तो लगदा झाडाच्या बुंध्याला ब्रशने फासा. तासाभराने टॉर्च घेऊन हळूच बघून या. मात्र ॲटलास या भल्यामोठ्या पतंगाची वाट बघत बसू नका. त्या प्रौढ पतंगाचं तोंड खाण्याच्या कामाचंच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो पुढचे थोडे दिवस काढतो.

सगळ्यात भारी आमिष मात्र तुमच्याच पेटीत तयार होऊ शकतं. फ्रान्समधले कीटकनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र यांच्या घरी मे महिन्यातल्या एका सकाळी मोठ्या मोरपतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्यांनी ती जाळीखाली झाकून ठेवली. रात्री नऊच्या सुमाराला घरात नर शिरायला लागले, ते सगळे मिळून चाळीसच्या घरात भरले. हे काम गंधाचं. पुढे 1959 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमपतंगाच्या मादीचा हा गंध वेगळा काढला, आणि त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या. तुमच्याकडे मादी निघाली तर एक रात्र पेटी बाहेर ठेवून बघा. पिसासारख्या रुंद मिशांचे पतंग जाळीभोवती फिरताना दिसले तर ते नर.

अळी पेटीत आल्यावर

नवख्यांनी सदाफुलीपासून सुरुवात करावी, असं आमचं मत आहे. तिच्यावर, तगरीवर आणि कण्हेरीवर ओलिएंडर हॉक पतंगाची अळी सापडते. हिरवीगार, शेपटाशी छोटं शिंग. धक्का लागला की ती डोकं आत ओढते, पुढचा भाग फुगवते आणि दोन निळे डोळे वटारते. ते डोळे नव्हेत, कातडीवरचे ठिपके. मांजरालाही क्षणभर थबकायला लावतील असे. ही झाडं विषारी आहेत, तेव्हा पानं हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

पहिले काही दिवस दोन-तीन पानं पुरतात. शेवटची कात टाकली की मात्र फांद्यांवर फांद्या लागतात. फांदी ताजी राहावी म्हणून आम्ही सुरुवातीला ती उघड्या तोंडाच्या पाण्याच्या पेल्यात ठेवायचो. एका रात्री अळी देठावरून खाली उतरली आणि बुडाली. तेव्हापासून बाटलीच्या तोंडाशी कापसाचा घट्ट बोळा. नर्सरीतून नुकतं आणलेलं झाड लगेच वापरू नका, त्यात आंतरप्रवाही कीटकनाशक असलं तर ते पानातच असतं, धुऊन जात नाही.

लेंड्या रोज काढा, त्या ओल्या राहिल्या की बुरशी धरते. अळी एका जागी दिवसभर गप्प बसली तर ती कात टाकणार आहे. तिला उचलू नका, ढोसू नका. एरवी हलवायची असेल तर पानासकट हलवा. आणि केसाळ सुरवंटाला उघड्या हाताने कधीही शिवू नका, काहींचे केस भयंकर खाजतात आणि आग होते.

मग एक दिवस तुमची हिरवी अळी पाठीवर तपकिरी पडेल, ओली घाण टाकेल, खाणं सोडेल आणि पेटीभर सैरावैरा धावेल. आजारी म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी अळ्या प्रत्यक्षात फक्त कोशाची जागा शोधत होत्या. तळाशी सुकी पानं आणि भुसभुशीत माती घाला आणि पेटी बाजूला ठेवून द्या. उकरून बघू नका. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांनी पतंग बाहेर येतो. अळीच्या अंगावर पांढरे तांदळासारखे कोश दिसले तर ते परजीवी गांधीलमाशीचे. त्या अळीचं मात्र काही करता येत नाही.

नव्या पतंगाला वर चढायला खरबरीत काहीतरी लागतं. जाळीची भिंत चालते, पण गुळगुळीत प्लॅस्टिकच्या डब्यात तो घसरत राहतो आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. जाळीवर पडलेले लालसर डाग रक्ताचे नाहीत, कोशात साठलेला मळ असतो तो.

सोडायचं ते अंधार पडल्यावर, जिथून अळी आणली त्याच झाडापाशी. दुसऱ्या प्रदेशातून आणलेली जात मोकळी सोडू नका. चेन उघडली तरी हॉक पतंग लगेच उडत नाही. आधी मिनिटभर पंख थरथरवून अंग तापवतो, त्याला घाई करू नका. तो गेला की पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. खाली टाकलेली मातीही बदला, आधीच्या अळीचा रोग पुढच्या अळीला तिथूनच लागतो.