मांडणी वेगळी, थाप वेगळी

वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की नागपुरात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘विदर्भाला हक्काचं राज्य द्या’ आणि ‘महाराष्ट्राचे तुकडे होऊ देणार नाही’. मागणी एकच, पण पहिल्या वाक्यात काहीतरी पदरात पडतं, दुसऱ्यात घर फुटतं. यात खोटं काहीच नाही, ही मांडणी आहे. तरी दोन्हीकडचे लोक एकमेकांवर ‘खोटा प्रचार’ म्हणून तुटून पडतात.

खोटा प्रचार कसा असतो? ‘1953 च्या नागपूर करारात वेगळ्या राज्याचं वचन होतं’, ही थाप. करार झाला तोच विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून. दरवर्षी काही काळ सरकार नागपुरात आणायचं, लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या द्यायच्या, अशा हमी त्यात होत्या. ‘राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भ नाकारला’ हीसुद्धा थापच. त्याच आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, 1955 साली स्वतंत्र विदर्भाचीच शिफारस केली होती. मूळ कागद समोर ठेवला की थाप उघडी पडते.

मांडणी तशी सापडत नाही. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 600 जणांचा जीव धोक्यात असल्याची कल्पना करायची होती. एका उपायाने ‘200 नक्की वाचतील’ म्हटल्यावर 72 टक्के लोकांनी तो निवडला. दुसऱ्या गटाला त्याच उपायाबद्दल ‘400 मरतील’ असं सांगितलं, तर 22 टक्केच तयार झाले. हिशेब तोच!

आपल्याकडे दांडेकर समितीने 1984 साली अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांची विकासातली तूट, मोजून दाखवला. अनुशेष म्हटलं की सरकार देणं लागतं. कालव्यासाठीच्या त्याच पैशाला ‘विशेष पॅकेज’ म्हटलं की सरकार उपकार करतं, आणि शेतकऱ्याने हात जोडायचे! विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरातल्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्चाचे फलक या नजरेने वाचून बघा. तिथे पुरावा मागून उपयोग नाही, विरोधक हीच गोष्ट कशी सांगेल ते विचारावं लागतं.

मांडणीशिवाय राजकारणात बोलताच येत नाही, आणि त्यात गैर काही नाही. मला चीड येते ती ‘ज्याचा त्याचा दृष्टिकोन’ म्हणून थाप पचवून घेण्याची. करारात नसलेलं कलम कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला तिथेच थांबवून विचारा, कुठल्या पानावर आहे?