बादलीखालचा दुकानदार

रविवारी सकाळी बहिणीकडे, इंदूरच्या रामबागेत, पोहे-जिलबी खायला गेलो तर भाचा 'स्कायरिम' खेळत बसलेला. खेळ २०११ सालचा, तरी पोरांना अजून शिळा वाटत नाही. "मामा, गंमत बघ!" म्हणत त्याने गावातल्या दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली आणि सगळा माल झोळीत भरला. दुकानदार शांत.

"पक्का येडा आहे ना?"

येडा कसला! त्याने आपलं काम चोख केलं.

खेळातल्या पात्राच्या चेहऱ्यावरचे डोळे नुसते रंगवलेले असतात. त्याला 'दिसणं' म्हणजे तीन प्रश्न. खेळाडू पुरेसा जवळ आहे का? नजरेच्या पट्ट्यात आहे का? मध्ये काही आड येतंय का? पहिला सोपा. दुसरा माझा लाडका. दुकानदाराच्या नाकासमोरची दिशा हा एक बाण, त्याच्याकडून तुमच्याकडे येणारा दुसरा. दोन्हींची लांबी १ धरून त्यांचा अदिश गुणाकार ('डॉट प्रॉडक्ट') करायचा, अकरावीत जांभया देत केलेला तोच. उत्तर म्हणजे मधल्या कोनाची कोज्या ('कॉस'): अगदी समोर १, काटकोनात ०, पाठीमागे −१. समजा डावी-उजवीकडे ६०-६० अंश दिसावं असं ठरवलं. ६० अंशांची कोज्या ०.५. उत्तर त्याहून मोठं आलं की तुम्ही नजरेत. कोन काढावाच लागत नाही! तीन गुणाकार, दोन बेरजा, काम फत्ते. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात अख्ख्या गावाचं उरकायचं असतं. म्हणून ही काटकसर.

महागडा प्रश्न शेवटी. पात्राच्या डोक्यापासून तुमच्यापर्यंत एक अदृश्य रेघ सोडायची, ती वाटेत कशाला धडकते ते बघायचं. भिंत काय, बादली काय, रेघेला सारखंच. रेघ पत्र्यावर अडली, 'दिसत नाही' अशी नोंद झाली, म्हणजे चोरी झालीच नाही. हल्ला झाला तर पळ, चोरी दिसली तर ओरड, असे नियम त्याला दिलेले असतात. डोक्यावर बादली आली तर काय करायचं, हे कुणी लिहिलेलंच नव्हतं.

गेममधली पात्रं आता 'स्वतः विचार करू लागली' असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, तेव्हा मला हीच बादली आठवते. अर्थात आपणही फार शेफारू नये. २१ सप्टेंबर १९९५ ला, चमच्यातलं दूध ओढून घेणारा पृष्ठताण शाळेत शिकूनही, गणपतीला दूध पाजायला आम्ही चमचे घेऊन रांगेत उभे होतो. आमच्या डोक्यावर तर बादलीही नव्हती.

"मग बादली काचेची असती तर?" भाच्याने विचारलं.

प्रश्न भारी होता. काच आरपार दिसते ती चित्र रंगवणाऱ्या भागाला. रेघ फक्त वस्तूच्या आकाराला धडकते. 'इथून नजर जाऊ दे' अशी खूण त्या वस्तूवर कुणी केली नसेल, तर काचेखालचा दुकानदारही आंधळाच.

तो खेळात काचेचं भांडं शोधायला लागला. मी जिलबीकडे वळलो.