म्हातारपणातली झोप आणि हार्मोन्स: हे सगळं कुठून सुरू झालं

सध्या रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, कुठेही बघा, मुंबईतली मुलं गावच्या आईवडिलांना ऑनलाईन मेलाटोनिनच्या (रात्री अंगात वाढणाऱ्या एका हार्मोनच्या) गोळ्या मागवून देतात आणि म्हातारी माणसं विचारतात, ही झोपेची गोळी की ताकदीची? आणि वाडीत कुणालाही विचारा झोप लागते का, तर उत्तर ठरलेलं, "आता वय झाला, झोप खंय येतली". या गोळीमागे पण आणि या उत्तरामागे पण बराच इतिहास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे झोपेला महत्त्व नव्हतं असं अजिबात नाही. चरकसंहितेत आहार, झोप आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार सांगितलेत, आणि उन्हाळा सोडून दिवसा झोपू नये असं सांगताना म्हातारे, लहान मुलं, दमलेभागलेले यांना सूट दिलीय. पहाटे तीनला होडी काढणारा तांडेल दहा-अकराला पेज खाऊन पडवीत आडवा होतो, त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हार्मोनची गोष्ट मात्र झोपेपासून नाही तर म्हातारपणाच्या भीतीपासून सुरू होते. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत सांगितलं की माझी ताकद परत आली. जगभर खळबळ उडाली, असले अर्क धडाधड विकले जायला लागले. आज आपल्याला माहितीय की पाण्यात काढलेल्या त्या अर्कात हार्मोन नावापुरतंच असणार, म्हणजे तो सगळा मनाचा खेळ होता. पण ग्रंथींमधून रक्तात काहीतरी सुटतं आणि ते लांबवर काम करतं या कल्पनेला त्याने जोर आला, 1902 मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंगने आतड्यातून सुटणारं सिक्रेटिन शोधलं आणि 1905 मध्ये स्टार्लिंगने अशा पदार्थांसाठी हार्मोन हा शब्द वापरला.

झोपेचा अभ्यास तेव्हा वेगळ्याच रस्त्याने चालला होता. 1729 मध्ये दे मेरां या फ्रेंच माणसाने लाजाळूच्या जातीचं रोप अंधारात कोंडून ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडायची आणि रात्री मिटायची. आपल्या बांधावर पावसाळ्यात लाजाळू माजते, तिला हात लावून सगळ्यांनी बघितलंय, पण तिच्या आत घड्याळ असेल हे कुणाच्या मनात येत नाही. माणसातलं घड्याळ मेंदूत डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वरती आहे, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून कळायला 1972 उजाडलं, आणि असं घड्याळ चालवणाऱ्या जनुकांवर काम करणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग यांना नोबेल मिळालं 2017 मध्ये.

मधला टप्पा शिकागोचा, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा तोच. तिथे नॅथानिएल क्लाइटमन नावाचा माणूस आयुष्यभर झोपेच्याच मागे लागलेला होता. 1938 मध्ये तो एका सहकाऱ्याबरोबर केंटकीच्या मॅमथ गुहेत 32 दिवस राहिला, 28 तासांचा दिवस धरून जगता येतं का ते बघायला. मग 1953 मध्ये त्याने आणि त्याचा विद्यार्थी अझेरिन्स्की याने झोपेत डोळे भराभर हलण्याचा टप्पा, म्हणजे आरईएम झोप, जगासमोर आणली. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं झोप म्हणजे मेंदू बंद, आणि इथे तर रात्रभर पाळ्या लावल्यासारखं काम चाललेलं दिसलं. क्लाइटमन 104 वर्षं जगला, 1999 मध्ये गेला.

दोन्ही रस्ते एकत्र आले ते 1968 मध्ये. ताकाहाशी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसं झोपलेली असताना रात्रभर थोडं थोडं रक्त घेतलं आणि दिसलं की ग्रोथ हार्मोनची मोठी लाट पहिल्या गाढ झोपेबरोबर येते, आणि माणसाला उशिरा झोपू दिलं तर ती लाटही उशिरा येते. म्हणजे ती घड्याळ बघून नाही, तर झोप बघून येते. मोठेपणी उंची वाढत नसली तरी स्नायू टिकवणं, चरबी आटोक्यात ठेवणं यात या हार्मोनचा हात असतो, त्यामुळे हा शोध म्हातारपणाशी थेट जोडलेला आहे. बरोबर उलट वागतं ते कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, ते रात्रीच्या सुरुवातीला तळाला असतं आणि पहाटे चढायला लागतं.

मेलाटोनिन तर चुकून झोपेच्या गोष्टीत आलं म्हणा ना. 1917 मध्ये दिसलं की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीच्या अर्काने बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकी होते, म्हणून येल विद्यापीठातला आरन लर्नर हा त्वचारोगाचा डॉक्टर पांढऱ्या डागांवर इलाज मिळेल या आशेने त्याच्या मागे लागला आणि 1958 मध्ये गुरांच्या पिनियल ग्रंथींमधून त्याने ते वेगळं काढलं. डागांवर त्याचा उपयोग झाला नाही, पण रात्री अंधारात ते वाढतं हे कळलं, आणि 1980 मध्ये अल्फ्रेड ल्युईने दाखवलं की प्रखर प्रकाशाने माणसातलं मेलाटोनिन दाबलं जातं.

आता याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. पोफळीचं कोयनेचं वीजघर साठच्या दशकात सुरू झालं, आणि तरी कितीतरी वाड्यांवर पुढे बरीच वर्षं चिमणी आणि कंदीलच होते. तिन्हीसांजेला दिवा लागला, जेवणं झाली, भांडी घासली की झोप. दशावताराची रात्र, शिमग्याची पालखी, गणपतीतली भजनं ही जागरणं होतीच, पण ती ठरलेल्या दिवसांची, एरवीची रात्र काळोखीच असायची. त्या काळातलं सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही, डास होते, घामाच्या धारा होत्या, पण डोळ्यासमोर प्रकाश नव्हता. आता ऐंशीच्या आजीच्या उशाशी पण मोबाईल असतो आणि समोरच्या खांबावरचा पांढरा एलईडी थेट खिडकीतून तोंडावर येतो.

आणि चाकरमानी. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कोकणातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या रात्रपाळ्या केल्या, 1982 च्या संपानंतर त्यातले कितीतरी जण गावी परतले, पण परतलेल्या शरीराचं घड्याळ आधीच विस्कटलेलं होतं. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने घड्याळ बिघडवणारी शिफ्टची नोकरी 'बहुधा कॅन्सरला कारण' या गटात टाकली. त्या माणसांना हे सांगायला कुणी गेलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

परत शिकागोकडे, कारण वयाचा प्रश्न तिथेच सरळ विचारला गेला. क्लाइटमन गेला त्याच 1999 मध्ये तिथल्या इव्ह व्हॅन कॉटर यांच्या टीमने 11 तरुण पुरुषांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तर धडधाकट पोरांची साखर पचवायची ताकद घटली आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल वाढलं, वयस्कर माणसात दिसतं तसं. पुढच्या वर्षी त्यांनी 16 ते 83 वयाच्या 149 निरोगी पुरुषांचे आकडे मांडले. पंचविशीपर्यंत गाढ झोप रात्रीच्या झोपेच्या साधारण 19 टक्के, आणि 36 ते 50 या वयात ती साडेतीन टक्क्यांच्या आत, आणि ग्रोथ हार्मोनही तिच्याबरोबरच खाली. म्हणजे झोप साठीत उडते असं आपण म्हणतो पण गाढ झोप चाळिशीतच पातळ झालेली असते. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं.

तोवर बाजार सुटला होताच. 1990 मध्ये रडमन यांनी साठीपुढच्या 12 पुरुषांना सहा महिने ग्रोथ हार्मोन टोचलं, स्नायू वाढले, चरबी घटली, आणि त्या एका छोट्या अभ्यासावर अमेरिकेत तारुण्य विकणारी दुकानं उभी राहिली. पुढच्या अभ्यासांत सांधेदुखी, अंगावर सूज, साखर वाढणं हे सगळं पुढे आलं. शंभर वर्षांनी ब्राऊन-सेकारचीच गोष्ट, फक्त या वेळी हार्मोन खरं होतं.

बायकांकडे हे संशोधन फार उशिरा वळलं. वरचे बहुतेक अभ्यास पुरुषांवरचे आहेत हे लक्षात आलं असेलच. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरतं, अंगातून वाफा येतात, रात्री दोनला बाई घामाने भिजून उठते, गाऊन बदलते, पंखा मोठा करते, परत पडते तोवर मासळी आणायला बंदरावर जायची वेळ झालेली असते. 2002 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि बऱ्याच डॉक्टरांनी त्या देणंच सोडलं. नंतर कळलं की पाळी नुकतीच गेलेल्या बाईचा आणि सत्तरीतल्या बाईचा हिशोब वेगळा आहे. पण आपल्या वाड्यांवर हा विषय अजून बायका आपापसातसुद्धा कुजबुजूनच बोलतात, तपासायला जाणं तर लांबच.

राहिली ती मेलाटोनिनची गोळी. युरोपात 2007 मध्ये सावकाश विरघळणारी 2 मिलिग्रॅमची गोळी 55 च्या पुढच्या लोकांसाठी, थोड्या काळापुरती मंजूर झाली. ताकदीची गोळी ती नाहीच, तिने झोप जरा लवकर लागते, तीही थोडीशीच. आणि जो रात्रभर घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकून उठतो, त्याचं काम तिने होणार नाही. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय अशी आपल्याकडे समजूत आहे, प्रत्यक्षात स्लीप ॲप्नियात, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात, गाढ झोप नीट लागत नाही, बीपी चढतं. 1981 मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हनने नाकावाटे दाबाने हवा देणारं मशीन वापरून दाखवलं, ते आज आपल्याकडेही मिळतं, पण रात्रभराची तपासणी करायला आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून कोल्हापूर, गोवा नाहीतर मुंबई गाठावी लागते, आणि मशीन आणलं तरी पावसाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टर लागतो, तेवढी सोय आधी बघून ठेवा.