सुरीला बोटाची कडी कुठून आली?

करंबिट आपल्याकडच्या पोरांना माहीत झालं ते काउंटर-स्ट्राइकमुळे, २०१३ पासून मुठीच्या टोकाला बोटाची कडी असलेली ती वाकडी सुरी त्या गेममधे आहे आणि बोटावर गरगर फिरवायचे व्हिडिओ तेव्हापासून चालूच आहेत. पण ती कडी फिरवण्यासाठी नाहीच मुळी. हाताला घाम, चिखल, रक्त काहीही लागलेलं असो, पातं सुटू नये आणि मूठ उघडली तरी सुरी खाली पडू नये, यासाठी ती आहे. फिरवाफिरवी नंतरची.

करंबिट मूळचं इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राचं, तिथल्या मिनांगकाबाऊ लोकांचं. शेतीच्या अवजारातून ते आलं असं तिकडे सांगतात आणि आकार वाघाच्या नखीवरून घेतला असंही सांगतात, सुमात्रात वाघ आहेतच. हे पटायला सोपं जातं कारण त्या पट्ट्यात हातात मावणाऱ्या पात्याची सवय जुनी आहे. जावामधे भात कापायला आनी-आनी नावाचं अवजार होतं, छोट्याशा लाकडी फळीत बसवलेलं पातं, ते बायका तळहातात धरायच्या आणि बोटांनी लोंबी जवळ ओढून एकेक खुडायच्या. भाताची देवी देवी श्री, तिला पातं दिसून ती घाबरू नये म्हणून ते हातात झाकलेलं असायचं अशी श्रद्धा. १९७० च्या आसपास नव्या बुटक्या जाती आल्या, विळा आला आणि आनी-आनी मागे पडली. तिला कडी नव्हती, पण पातं हातात असताना बोटं मोकळी ठेवायची ही गरज तीच.

करंबिट सिलाटमधे, म्हणजे तिकडच्या युद्धकलेत, गेलं तसं धरायची पद्धत पक्की झाली. तर्जनी कडीत, पातं करंगळीच्या बाजूने खाली. उलटं धरलं तर करंगळी कडीत जाते आणि पातं वर येतं.

आता आपल्याकडे या. बोटाच्या कड्यांचं सगळ्यात प्रसिद्ध हत्यार आपलंच आहे, वाघनखं. त्याला सुरी म्हणता येणार नाही हे मान्य, पण कडीचं काम समजून घ्यायचं तर यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. एक आडवी पट्टी, दोन टोकांना दोन कड्या, पट्टीला खाली वाकलेल्या नख्या. एक कडी तर्जनीत, दुसरी करंगळीत, नख्या तळहाताच्या आत. हात नुसता अर्धवट मिटला की समोरच्याला बोटात दोन अंगठ्या दिसतात, बस्स. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली जी भेट झाली तिथे महाराजांना खानाला आलिंगन द्यायचं होतं, म्हणजे हात रिकामा दिसणं गरजेचं आणि तरी तो रिकामा असून चालणार नव्हता, आणि ऐन वेळी म्यानातून काही उपसायला सवड मिळेल याची खात्री नाही. सभासदाच्या बखरीत डाव्या हाताला वाघनखं आणि उजव्याला बिचवा, म्हणजे वाकडी छोटी कट्यार, असं येतं. बिचव्याची मूठही बघण्यासारखी असते, लोखंडाचा बंद वेढा, त्यात चारही बोटं एकदम जातात. पुढे तर बिचवा आणि वाघनखं एकत्र जोडलेले नमुनेही बनले, ते संग्रहालयांत आहेत.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मधे साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. ती ग्रँट डफकडून त्याच्या घराण्यात गेलेली, डफ साताऱ्याला रेसिडेंट होता. हीच ती प्रतापगडाची का, हे सिद्ध करता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं आणि इतिहासाच्या अभ्यासकांमधेही त्यावर वाद आहे. माझं म्हणणं, तो वाद आहे तिथे राहू दे, पण ती जिथे मांडलेली असतील तिथे गेलात तर त्या कड्यांचा घेर आणि नख्यांचा बाक जरूर नीट बघा, हत्यार कसं धरत असतील ते लगेच लक्षात येतं.

युरोपात ही कल्पना वेगळ्या वाटेने आली. पहिल्या महायुद्धात खंदकात लांब संगीन घेऊन वळताही येत नव्हतं म्हणून आखूड सुऱ्या निघाल्या, आणि अमेरिकेने १९१८ मधे मार्क वन काढली, ब्राँझची मूठ, चार बोटांना चार भोकं, बाहेरून ठोसा मारायला टोकं. दिसायला भयंकर, पण चार बोटं एकदा अडकली की पकड बदलायची सोय राहत नाही, शिवाय मूठ महाग आणि जड, म्हणून १९४३ मधे एम थ्री आली तिला साधी सरळ मूठ. मला वाटतं इथेच भोकाची मर्यादा कळली, एका बोटापुरतं ठीक, चारांना बांधलं की हात अडकतो.

एका बोटाचं नीट जमवलं ते फ्रान्सच्या फ्रेड पेराँ या सुऱ्या बनवणाऱ्याने. त्याच्या ला ग्रिफ या सुरीत भोक मुठीच्या शेवटी नाही, पातं आणि मूठ यांच्या मधे आहे, तर्जनी थेट पात्यामागे बसते. पातं दोन इंचांच्या आतबाहेर, मूठ जेमतेम दोन बोटांची, तरी पुढे सरकून हात कापत नाही कारण बोटच अडसर होतं. ही सुरी गळ्यात उलटी लटकवायची, टोक वर मूठ खाली, आणि ते शक्य झालं कायडेक्समुळे. कायडेक्स म्हणजे तापवून हवं तसं दाबता येणारं प्लास्टिक, पात्याभोवती इतकं घट्ट बसतं की बटणपट्टा लागत नाही, आत ढकललं की खट्ट आवाज येतो. चामड्याच्या म्यानात ही सुरी उलटी टांगली असती तर कधीतरी सुटून पडलीच असती. गळ्यातली साखळी मात्र जोरात ओढली की तुटेल अशीच हवी, नाहीतर कुठे अडकली तर गळ्याला फास. आणि भोकाला आतून धार किंवा कंगोरा नको, हातमोजा घालूनही बोट सहज आतबाहेर व्हायला हवं, कारण पातं कशात रुतून पिळलं गेलं आणि बोट निघालं नाही तर बोटच मोडतं.

बाळगायचं म्हणाल तर शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याच्या २०१६ च्या नियमांत पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत येतं, घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळून. ही छोटी पाती त्या मापात बसत नाहीत म्हणून लोक निर्धास्त असतात. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो तेव्हा सुरी जवळ बाळगण्यावरच बंदी येते आणि त्या कलमात इंचाचं माप दिलेलंच नाही, सणासुदीला आणि निवडणुकीला असे आदेश निघतच असतात.